खोली नंबर नऊ

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ओडेगार्डबाई म्हणाल्या,
डेलबर्ट, खुर्च्या नेऊन टाक खाली.
दुसरीचा वर्ग. बावीस खुर्च्या, निळ्या प्लास्टिकच्या,
पायांना टेनिसचे जुने चेंडू,
मीच कापून चढवलेले, फरशीला ओरखडे नकोत म्हणून.
अठ्ठ्याऐंशी चेंडू. कुणी मोजत नाही. मी मोजतो.

खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडे, सूर्यफुलं उभी होती
जुन्या वर्गासारखी:
रांगेत, सगळ्यांची तोंडं पूर्वेला.

बाईंकडे तीनशे डॉलर आणि एक वही.
प्रत्येक गोष्टीवर आधी स्वतः बसून बघायच्या.
डुलणाऱ्या स्टुलावर डुलल्या,
मोठ्या चेंडूवरून घसरून कपाटाखाली गेल्या,
तिथूनच म्हणाल्या, हा नको, पाय टेकत नाहीत.
दाराच्या चौकटीवर गेल्या वर्षीच्या पोरांच्या
गुडघ्यांच्या खुणा होत्या पेन्सिलीनं.
त्या खुणांना दोरी लावून लावून
त्यांनी स्टुलं निवडली, चार.
डेअरीचे क्रेट उलटे करून सहा,
वर उशा, नवऱ्याच्या जुन्या कोटांच्या.
दाण्यांची गादी नको, हे मी सांगितलं:
सांडलेलं दूध तिच्यात किती महिने राहतं
ते माझ्या नाकाला ठाऊक.
एका टेबलाचे पाय मी कापले,
एकाचे विटांवर चढवले.
आता एकाशी मांडी घालायची, एकाशी उभं राहायचं.

आमच्या वेळी एकच शब्द होता, बस.
गप बस, नीट बस, सरळ बस.
माझा डावा गुडघा मात्र
बाकाखाली आपला आपण उडत राहायचा,
आणि क्नुट्सनबाई त्यावर पट्टी ठेवायच्या.
ठेवायच्याच म्हणू. त्या आता नाहीत.

पहिल्या दिवशी झुंबड.
दुसऱ्या दिवशी एक चेंडू टाचणीवर फुटला,
हामदी रडली, ट्रिग्वे हसला, मग तोही रडला.
घडी बसायला महिना गेला.

पण एक पोरगा, ॲन्सेल, दारातच.
बाप तेलाच्या विहिरींवर, विहिरी सरकतात तसं घर सरकतं.
ही तिसरी शाळा.
कुठे बसू?
तुला आवडेल तिथे, राजा.
त्याचा चेहरा मी पुसणं हातात धरून पाहिला.
सगळ्या जगात त्याला
हेच एक उत्तर नको होतं.

त्याची बस उशिरा यायची.
काल बसला तो क्रेट आज दुसऱ्याचा,
आजचा कोपरा उद्या कुणाचा तरी.
दप्तर पाठीवरून उतरवायचाच नाही,
निघायचंच असल्यासारखा.

गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई तळघरात आल्या,
बॉयलरजवळ, जिथे मी कॉफी पितो.
म्हणाल्या, माझं चुकलं का रे?
मी उठलो. बसलो होतो ती खुर्ची पुढे केली.
एकवीसच रचल्या होत्या मी भिंतीशी.
हिच्यावर माझ्या कपाचा गोल डाग आहे, चालेल?
बाईंनी डाग पुसून पाहिला. गेला नाही.

खुर्ची खिडकीशी लागली.
पाठीमागे पट्टीवर नाव, ॲ थोडा वाकडा,
त्यानंच काढलेला.
सोमवारी दप्तर खाली आलं.

आता नोव्हेंबर. सूर्यफुलं कापून नेली,
शेतात नुसते खुंट, वर बर्फाची पहिली भुकटी.
तिसऱ्या तासाला मी रेडिएटर बघायला गेलो तर
खुर्ची रिकामी.
ॲन्सेल बुटक्या टेबलाखाली पालथा,
हामदीच्या शेजारी, ट्रकांचं पुस्तक,
पाय हवेत, एका पायात मोजा नाही.
खुर्चीच्या पाठीवर त्याचं जाकीट.

संध्याकाळी सगळं उचललं. स्टुलं, क्रेट, उशा.
ती हलवली नाही.
तिच्याभोवतीनं झाडलं.
मग दिवा घालवायच्या आधी, कुणी नव्हतं म्हणून,
डुलणाऱ्या स्टुलावर मी टेकलो जरा.
गुडघा उडत होता. उडू दिला.