खायला मागत नाही

आमच्या गावात पत्रा दुकानातून येत नाही.
आकाशातून येतो, वर्षातून दोन-तीनदा,
आणि आधी रेडिओवर सांगून येतो:
अमुक दिवशी, अमुक तासांत, दलदलीकडे जाऊ नका.
म्हणजे त्यानंतर जा.

प्रोकोपी काका मार्चात निघतो,
बर्फ अजून वजन पेलतं तेव्हा.
स्नोमोबाइलला दोर, दोन कुऱ्हाडी, चहाचा थर्मास,
आणि अस्वलाच्या मागावर असावा तसला अंदाज:
कुठल्या झाडांचे शेंडे मोडलेत,
कुठल्या झाडांवर कावळे बसत नाहीत.

रॉकेटाचा तुकडा पडलेला असतो
पोट फुगलेल्या घोड्यासारखा,
अर्धा बर्फात.
काका जवळ जात नाही लगेच.
वाऱ्याची बाजू धरून लांबून फिरतो, नाक पुढे करून.
वास आला तर मागे वळतो, वर्षभर वाट बघतो.
"राहू दे पडून," म्हणतो, "खायला मागतंय का?"

मग तो तुकडा घरी येतो आणि घर होतो.
न्हाणीघराचं छप्पर. कोंबड्यांचं खुराडं.
पागोळीखालची पन्हळ, जी उन्हाळ्यात तापते
आणि टिकटिकते, कुणी आत घड्याळ विसरल्यासारखी.
होडी तर आधी झालीच:
सुईसारखी निमुळती, दोन्ही बाजूंना रिव्हेटांची रांग,
फटी डांबराने बुजवलेल्या.
मेझेन नदीवर ती इतकी हलकी चालते
की पाण्याला कळायच्या आत पुढे जाते.

फेवरोनिया काकूला त्यातून फावडं मिळालं.
माती चिकटत नाही, गंज चढत नाही, धार जात नाही.
तिला ते आवडत नाही.
"याला वजनच नाही," म्हणते,
"दिवसभर बटाटे खणले तरी
काम केल्यासारखं वाटत नाही."

आणि एक टाकी, मधोमध कापलेली,
वासरासाठी.
मोरोश्का नाव तिचं, कपाळावर पिवळसर ठिपका.
तिने टाकीतलं पाणी हुंगलं
आणि खूर आपटून मागे सरकली.
काकूने वाळूने घासलं. राखेने घासलं.
बर्चची पानं उकळून ते पाणी ओतलं.
मोरोश्का तीन दिवस
फुटक्या लाकडी बादलीतलं चाटत राहिली.
"सवय नाही तिला," काका म्हणाला.
काकू काही म्हणाली नाही.
टाकी उलटी केली, लोळवत लोळवत
कुंपणाशी नेऊन ठेवली.
त्या रात्री दिव्याखाली तिने काकाचे हात धरले,
आधी तळवे, मग मागची बाजू,
मग नखं, एकेक करून.
बराच वेळ.
त्यानेही हात काढून घेतले नाहीत.

जूनमध्ये शहरातून एक पोरगा आला,
नवे बूट, प्लास्टिकच्या पिशवीत छापील अर्ज.
त्याला बसायला दिली ती उलटी टाकी.
काही अवशेष सापडले का?
"नाही," काका म्हणाला.
पन्हळीतून त्याच वेळी चार थेंब पडले.
पोराने लिहून घेतलं: नाही.
लिहिताना त्याचा डावा हात टाकीच्या कडेवर होता.
तिथे एक नंबर ठोकलेला आहे.
बोट पहिल्या आकड्यावर थांबलं,
मग दुसऱ्यावर,
शेवटपर्यंत गेलं.
त्याने अजून एक कप चहा मागितला.
संध्याकाळी काकाने त्याला होडीतून पार सोडलं,
पैसे घेतले नाहीत.

मोरोश्का आता दूध देते.
बादली तीच, लाकडी, दोनदा तळ बदललेली.
काल रेडिओवर पुन्हा तारीख सांगितली.
काका ओट्यावर बसून कुऱ्हाडीला धार लावतोय.
काकू अंगणात गेली,
आभाळात एक ढग नव्हता,
आणि दोरीवरचे कपडे
अजून ओले असतानाच काढून आत आणले.