शेवटची ओळ

डिसेंबर लागला की बर्डीवरच्या माझ्या दुकानात
झेरॉक्स मशीनच्या आधी माणसं तापतात.
अधिवेशन. मोर्चे. निवेदनं.
टी-पॉइंटला बल्ल्यांसाठी खड्डे खणलेत
गेल्या वर्षीच्याच जागी;
डांबरालाही आता सवय झालीय.

एकोणीस वर्षं टाइप करतोय मी.
मानधन. थकीत पेन्शन. सेवेत कायम करणे.
नावं बदलतात, मजकूर जवळपास तोच,
आणि शेवटी, कुणी न सांगता, बोटं आपसूक लिहितात:
'आपण योग्य न्याय द्याल, अशी आशा आहे.'

उत्तरंही पाठ आहेत. प्रकरण विचाराधीन.
मागच्या मे महिन्यात कूलरची खस बदलताना
एकदम वाटलं, संपलं.
पेपर बंद केला. मतदानाच्या दिवशी झोपून राहिलो.
कुणी विषय काढला की म्हणायचो, 'जाऊ दे ना बे.'
एवढंच म्हणायचो,
आणि दरवेळी आतला एक दिवा विझवून
वीजबिल वाचवल्यासारखं वाटायचं.

आज पंचफुला नारनवरे आल्या, उमरेडकडच्या, अंगणवाडीतल्या.
गुलाबी साडीवर मुलाचं स्वेटर,
पिशवीत भाकर, ठेचा,
आणि बावीस वर्षांची निवेदनं, शिक्क्याच्या पोचेसकट.
म्हणाल्या, 'भाऊ, यंदा शेवटची ओळ नोको टाकू.'
'काऊन?'
'आशा माही हाये. त्यायच्याजवळ काऊन ठेवू?
दरसाल देऊन येतो, दरसाल हरपवतेत.
मांगणं लिव. तारीख लिव. खाली सही मी करतो.'

कर्सर लुकलुकत राहिला.
मी मागून एकेक अक्षर खोडत गेलो.
'आहे' गेलं. 'आशा' गेली.
कागदावरून गेली, एवढंच खरं;
कारण छातीच्या खाली काहीतरी येऊन टेकलं, जड,
उसनं नेलेलं पातेलं
शेजारणीनं फार वर्षांनी आणून ठेवावं तसं:
बुडाला पोचा, काठ झिजलेला,
पण नाव आपलंच कोरलेलं.

त्यांनी सुटे मोजून दिले.
पदर खोचला, आणि बल्ल्यांच्या दिशेनं गेल्या,
घाई न करता, बाजारात जावं तशा.

मागे उभा असलेला पोरगा, तासिका तत्त्वावरचा मास्तर,
कागद पुढे सरकवत म्हणाला,
'काही होणार आहे का यानं?'

जिभेवर ते जुनं वाक्य आलं होतं.
गिळलं.
'माहीत नाही,' म्हटलं. 'किती प्रती काढू?'