मधला पट्टा

मागचं टायर झिजलंय, पण फक्त मधोमध.
उद्यमनगरात, फौंड्रीच्या भिंतीला लागून दुकान.
इलाही शिकलगार गुडघ्यावर बसले,
खाचेत रुपया उभा धरून बघितला
आणि मान वर न करताच म्हणाले,
"सरळ लई चालवलीया."

व्हय, सरळच.
सोसायट्यांचे, कारखान्यांचे हिशेब तपासत हिंडलो,
कागल, कराड, पेठ नाका,
मागं ताडपत्रीत बांधलेली दप्तरं.
हायवेनं मधला पट्टा खाल्ला.
कडेला मात्र रबराचे केस अजून उभे,
बारशातल्या पोराच्या जावळागत.

हवा मारणाऱ्या पोरानं विचारलं,
"गाडी साहेबांची काय?"
"न्हाई. माझी. मीच चालवतो."
पोरगं नगरकडचं, नवीन. 'चालवतो' ऐकून हसलं.
त्याला काय सांगायचं,
हितं बायकाही येतो म्हणतात, जातो म्हणतात,
आणि जाऊन येतात.

शिकलगारांनी तीन टायरं भिंतीला टेकली.
पहिलं कठीण. नख रुतेना.
"पंचवीस हजार किलोमीटर. वर एक मीटर कमी न्हाई.
पण गगनबावड्याला चार महिने रस्ता वाळत न्हाई,
तिथं हे दगडागत घसरतंय."
दुसरं मऊ. नखाची खूण तशीच राहिली.
"हे सोडत न्हाई रस्ता. पण दहा हजारात संपतंय."
तिसरं नव्हतंच.
तिसऱ्याच्या जागी त्यांनी एक छापील कागद धरला:
मधे कठीण, दोन्ही कडांना मऊ.
"अठराचं रिम आता कोण वापरतंय, ताई?
मागवावं लागंल. चार दिवस. आणि महाग."

मी पावती उलटी केली.
हाताची सवय.
बासष्टशे भागिले पंचवीस हजार:
किलोमीटरला पंचवीस पैसे.
मऊचे पंचावन्न.
तिसऱ्याचे बावन्न, कागदावरचा आकडा खरा धरला तर.
रेघ मारली, खाली सही तेवढी राहिली.
कठीणच घ्यायचं. असला हिशेब
मी झोपेतही पास केला असता.

शिकलगार चहा ओतत होते.
"सध्या किती हिंडता वर्षाला?"
निवृत्त झाल्यापासून? अडीच हजार. कधी तेवढंही नाही.
"म्हणजे दहा वर्षं.
दहा वर्षं रबर थांबतंय व्हय?"
त्यांनी टायर फिरवलं, कडेचे चार आकडे अंगठ्यानं पुसले.
पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे.
माझ्या पंचवीस पैशांचं टायर
चार वर्षं ह्याच भिंतीला टेकून होतं.
"न वापरता पण वय होतंय ह्याला. उभ्या जागी.
वरनं काळंभोर दिसतंय, आत तडकतंय."

भाजक चुकला होता.
इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वहीत
लाल शाईनं गोल केलेली चूक,
किती चाललं नाही, किती चालणार आहोत ते न विचारता
भागून मोकळं होणं.

बाहेर भट्टीचं तोंड उघडलं,
दुकानभर क्षणभर तांबूस झालं,
तीन टायरांच्या जागी दोनच सावल्या.
मी अॅडव्हान्स दिला.
जुनं टायर कुठं जाणार म्हणून विचारलं.
"सुभाषनगरात. चपलेचे तळ कापतात.
मधलं गेलंय तुमचं, पण कडा चांगल्या आहेत.
कुणाच्या तरी पायाखाली वापरल्या जातील."

निघताना ते उंबऱ्यापर्यंत आले.
"नवं बसवलं की पहिले दीडशे किलोमीटर जपून.
वरचा तुकतुकीतपणा जाऊ दे.
मग थोडी थोडी वाकवा वळणावर.
घाबरू नका, कडा त्यासाठीच असतात."

मी हेल्मेटचा पट्टा आवळला.
"वाकवतो," म्हणालो.
नगरकडचं पोरगं
ह्या वेळी हसलं नाही.