झूम

फळ्यावरच ठोकलाय पडदा.
मागे अजून असणार माझ्या अक्षरात
गेल्या जूनची तारीख,
पट ४३, हजर ३८.

आज नकाशा. वरून दिसणारं भांडुप:
मिठागरं, पाइपलाइन, मग नुसते
निळ्या ताडपत्रीचे चौकोन.
"घर कुठंय गं तुझं?"
तन्वी धनावडेने बोट टेकवलं
तर चौकोन फुगत गेला, फुगत गेला,
अख्खी वस्ती धूसर.
वर्ग हसला.

खडूंची पेटी कपाटात, कुलपात.
पर्समध्ये सापडला एक, बोटभर.
पडद्याशेजारच्या भिंतीवर
ती काढत राहिली
नळ, नळावरची रांग,
रांगेत आई,
आईच्या हंड्याचा पोचासुद्धा.

शिपाई विचारून गेला,
"बाई, भिंत पुसू?"
मी अजून काही बोलले नाही.