पुरेसं म्हणजे किती

सकाळी टेकडीवर, गणित विभागात,
हेर्लेकर मॅडम फळ्यावर एप्सिलॉन काढतात,
वीतभर उंचीचा, पोट आत ओढलेला,
आणि म्हणतात, कितीही लहान घ्या.
त्याहून लहान. त्याहूनही.
समोरच्यानं केसाच्या हजाराव्या भागाएवढा मागितला
तरी तुमच्याकडे उत्तर तयार हवं.
मागणी संपत नाही. वर्ग मात्र साडेबाराला संपतो.

दीडची केएमटी धरून उद्यमनगरात उतरते.
दस्तगीर मिस्त्री ड्रॉइंग उलगडतात,
कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल,
आणि व्यासाच्या आकड्यापुढं छापलेलं
अधिक-उणे दोन शतांश.
"एवढं चालतंय," म्हणतात, "ह्याच्या आत ऱ्हा.
ह्याच्याबी आत घुसाय लागलीस
तर गिऱ्हाईक दिवाळीला यायचं ते शिमग्याला येईल."

पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम.
दोन पदव्या, एक डबा.
प्रवेशाच्या वेळी क्लार्कनं विचारलं होतं,
नक्की काय व्हायचंय?
रकाना एकच होता.
मी दोन्ही लिहिलं, अक्षर बारीक करून,
दुसरा शब्द चौकटीबाहेर गेला.

पप्पा मार्केट यार्डात गुळाचे रवे मोजतात.
जेवताना विचारतात,
तुझ्या त्या अनंताचा आज काय दर फुटला?
मी म्हणते, आवक लई झाली, पडलाय.

बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते.
बिंदू चौकात रिक्षा अडकली
की वीस मिनिटं ही व्याख्या तपासता येते.

गणपतीनंतर शिरोळकडचा एक पंप आला,
आठवडाभर पुरात बुडून राहिलेला.
धुतला, वाळवला, रंग दिला,
तरी चालू केला की थरथरायचा,
अंगात आल्यासारखा.
"बघतो की मी," म्हणाले,
(पहिल्या वर्षी माझ्या ह्या "बघतो"वर
नागपूरची रूममेट दोन दिवस हसली होती)
आणि वहीत मांडला तो पंप:
दांडा, चाक, दोन बेअरिंगं,
सहा ओळींचा, सहा स्तंभांचा मॅट्रिक्स.
रात्री अडीचला आयगेन व्हॅल्यू निघाल्या.
दांडा थरथरायला हवा एकवीसशे फेऱ्यांना.
मोटर फिरते चौदाशे चाळीसला.
गणित बरोबर होतं. तीनदा तपासलं.
पंप चुकत होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं,
मूठ कानाला लावली, डोळे मिटले.
पुढचं ऐकलं. मागचं ऐकलं.
मागच्यापाशी जरा जास्त थांबले,
दारामागं कोण आहे ते ओळखतात तसे.
"मागचं ढिलं झालंय.
बेअरिंग न्हवं, त्याचं घर."

किती ढिलं?

हात हलवून दाखवलं त्यांनी.
हवेत, इतकंसं.

त्या इतकंशाला मी आकडा दिला,
मॅट्रिक्समधली एक जागा खोडून तिथं बसवला,
तिथंच भट्टीवाल्याच्या पेटीवर बसून सगळं पुन्हा सोडवलं.
चौदाशे तीस.

"दहाचा फरक," मी म्हणाले.
"बास की."
"पण तो आकडा मी अंदाजानं..."
"मग काय मी मोजून ऐकलो व्हय?"

चहा आला. ते वहीत डोकावले.
"ह्यात माझा कान कुठं हाय?"
मी जागा दाखवली: पाचवी ओळ, पाचवा स्तंभ.
बराच वेळ बघत राहिले,
मग त्या आकड्यावर अलगद बोट ठेवलं,
झोपलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावं तसं.
ग्रीस लागलेलं बोट.

वही तशीच जमा केली, प्रकल्प म्हणून.
सोमवारी परत मिळाली.
पानं स्वच्छ, जागोजागी बरोबरच्या खुणा,
फक्त त्या काळ्या ठशाभोवती लाल शाईचा गोल
आणि मॅडमचं रेखीव अक्षर:

हे गृहीत कुठून आलं? सिद्ध करा.