कुत्रा जगतो

कास्त्रोहून लाँच येते दर दुसऱ्या गुरुवारी.
आधी उतरतात बटाट्याची पोती, गॅसची नळकांडी,
कुणाची तरी दुरुस्त होऊन आलेली करवत,
आणि सगळ्यांत शेवटी, प्लॅस्टिकात दोनदा गुंडाळलेलं,
माझं खोकं.

या खेपेला एकोणीस पुस्तकं. यादीत तेवीस होती.
चार कुठं गळली हे विचारायला
मी आता सांतियागोला फोन लावत नाही.

रात्री लाकडाच्या चुलीपाशी बसून वाचते.
शितावरून भात, तसं पहिल्या पानावरून पुस्तक,
म्हणायला ठीक आहे. मी मात्र शेवटपर्यंत जाते,
कारण बेटावरची मुलं मला शेवटच विचारतात.
मग बोटभर चिठ्ठी लिहून कव्हरला अडकवते:
‘सहा वर्षांपुढे. देवमाशाची दाढ दुखते. मोठ्यानं वाचा.’
‘ही मुलगी खोटं बोलते आणि तिला शिक्षा होत नाही. बारापुढे.’
‘गोष्ट बेताची. चित्रांसाठी न्या.’

मागे यास्नानं एक पुस्तक
टेबलावर आपटलं होतं, डोळे लाल.
कुत्रा मरतो हे तुम्ही लिहायला हवं होतं.
तेव्हापासून लिहिते.
कुत्रा जगतो. कुत्रा नाही.
कुत्रा हरवतो, पण पान एकशे चाळीसवर सापडतो.
मंत्रालयाचं पत्रक म्हणतं,
शिफारस करताना शेवट उघड करू नये.
पत्रक लिहिणाऱ्याची
यास्नाशी गाठ पडलेली नाही.

मोठी मुलं येतात ती वायफायसाठी.
नव्या फळीकडे पाठ करून बसतात, ओल्या बुटांची.
मी काही म्हणत नाही.
त्यांच्या चार्जरशेजारी एखादं पुस्तक विसरते.
कधी ते पुन्हा दिसत नाही.
रजिस्टरात मी ‘गहाळ’ लिहिते
आणि त्या दिवशी चहात साखर जास्त घालते.

एलिसेओ आला कुलूप लावायच्या वेळी.
चौदाचा आहे. त्याचा बाप
सामनच्या पिंजऱ्यांवर पाणबुड्या होता.
ऑगस्टात जाळं शिवायला खाली गेला.
नळी वर आली.

‘असं एखादं आहे का,’ तो म्हणाला,
‘ज्यात बाप परत येत नाही?’

मला वाटलं, मी उलटं ऐकलं.
येणारे बाप माझ्याकडे पुष्कळ:
एक तुरुंगातून, एक दुसऱ्या खंडातून,
एक तर चक्क सीलच्या कातड्यातून.
‘ती नकोत,’ तो म्हणाला. ‘वाचलीत सगळी.
शेवटच्या पानावर दार वाजतंच.’

एकोणीसच्या एकोणीस पुन्हा चाळली मी,
तो उभा, टोपीतून पाणी गळतंय.
एकात आई जाते, पण मुलासाठी
बिस्किटाच्या डब्यात पत्रं ठेवून.
पुढे केलं.
‘पत्रं नव्हती ठेवली,’ तो म्हणाला,
अगदी सौम्यपणे, मलाच सावरावं तसं.

मग मी मागणीचा फॉर्म काढला.
लेखक: माहीत नाही. नाव: माहीत नाही.
शेऱ्याच्या रकान्यात
माझ्या चिठ्ठीच्या अक्षरात लिहिलं:
‘चौदापुढे. दार वाजत नाही.
तरी पुस्तकाला आणखी पानं आहेत.’
त्यानं वाचलं. मान हलवली नाही,
पण ‘आणखी’वर बोट ठेवलं थोडा वेळ.

जाताना फळीवरून देवमासा उचलला, रायेनसाठी.
ती सहाची, रात्री झोपत नाही म्हणे.
दारात थांबला.
‘देवमासा मरतो का?’
‘नाही. दाढ काढतात फक्त.’
‘मग तसं लिहा की.’

मी चिठ्ठी सोडवली, पेन शोधलं.
बाहेर लाँचवाला भोंगा देत होता, भरती उतरत होती,
आणि एलिसेओ उभा होता पुस्तक छातीशी उघडं धरून,
शाई वाळेपर्यंत.