बोरडोहचं वळण

बोरडोहपाशी रस्ता डावीकडे जरासा वळतो.
कारण नसताना.
ना नाला, ना टेकडी, ना हायटेन्शनचे खांब.
बसचा ड्रायव्हर स्टेअरिंग सैल सोडतो, परत धरतो,
आणि मागच्या सीटवरचं कुणीतरी दर खेपेला म्हणतं,
"कोन्या मोठ्या मानसाची जमीन वाचवली असन न बाप्पा."
मी खिडकीबाहेर बघते.
माझा स्टॉप अजून पुढे असतो.

तेव्हा खात्यात संगणक आले नव्हते.
मी ट्रेसर होते, सदरच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर.
कूलरच्या वाळ्याचा ओला वास,
आणि टेबलावर पिना मारून ताणलेली अकरा गावं.
पिवळा म्हणजे राहणं. निळा म्हणजे दुकानं.
जांभळा, कारखाने.
हिरवा म्हणजे अजून ठरलेलं नाही.
बोरकुटे साहेब सांगायचे, हिरवा पातळ लाव,
त्याच्यावर पुढे दुसरा चढवावा लागतो.

वर्धा रोडपासून हिंगण्याच्या अंगाला
अठ्ठेचाळीस मीटरचा पट्टा जायचा होता.
पट्टीनं आखला तर एका श्वासाचं काम.
जुन्या नकाशात त्याच्याच खाली
तुटक रेघांची एक पांदण होती,
बैलांच्या मर्जीनं गेलेली,
बाभळीला मान देत, चिखलाला वळसा घालत,
कुणाची मंजुरी न घेता.
ती उतरवायची नव्हती.

हरकती आल्या तीनशे बारा.
सातबारा जोडून, वकील जोडून.
लेआऊटवाल्यांच्या टाईप केलेल्या, सगळ्यांत एकच चूक.
आणि वहीच्या फाडलेल्या पानावर एक:
पंचफुला देवाजी उईके, मौजा बोरडोह.
खसरा क्रमांक, तिथे रेघ.
क्षेत्र, तिथेही रेघ.
खाली शाळेतल्या पोराच्या अक्षरात:
"माही जमीन नाही. मी शेळ्या चारतो.
पांदनीनं नेतो, डोहावर पानी पाजतो.
तुमचा रोड मधात आला तं त्या जातीन कुठून?
शेळीले सिग्नल समजत नाही."

सुनावणीला आली. दाराशीच उभी राहिली.
नाव पुकारलं तर म्हणाली,
"लिहून तं देलं. आता आखीन काय सांगू?"
साहेब हसले नाहीत, हे सांगायला हवं.
शेरा लिहिला: अर्जदाराचा हितसंबंध सिद्ध होत नाही.
नस्तीबंद.

त्याच संध्याकाळी पक्की शाई चढवायची होती.
तिचा कागद माझ्या चहाच्या ग्लासाखाली.
वीज गेली, आली.
पट्टी सरकली.

सरकू दिली असंही असेल.
चार मिलिमीटर. जमिनीवर सोळा मीटर.
ब्लेडनं खरवडता आलं असतं,
ब्लेड ड्रॉवरमध्येच होतं.
मी रेघेवर फुंकर घातली, वाळायला.

सोळा मीटरपायी कुणा धोट्याची संत्र्याची दीड ओळ गेली.
कुणा जैस्वालचा प्लॉट कॉर्नरचा झाला,
आर. एल. मिळालं, तीनदा विकला गेला.
डोह रस्त्यात गेला नाही, एवढं झालं.
सात वर्षांनी तो लेआऊटमध्ये गेला,
ब्रोशरवर त्यात दोन बदकं होती,
मग मुरूम पडला, मग क्लब हाऊस.
पंचफुला कुठे गेली, शेळ्या कुणाला विकल्या,
अशा नोंदीला आमच्याकडे रंग नव्हता.

धोट्याचा मुलगा एकदा भेटला होता, एका लग्नात.
त्याच्या ताटात मी होऊन पुरी वाढली.

परवा त्या वळणावर
शेजारच्या माणसाला सांगणार होते:
मोठं कुणी नव्हतं हो, माझी पट्टी होती.
तेवढ्यात कंडक्टरनं सुटे मागितले.
मी पर्समध्ये हात घातला आणि बस डावीकडे गेली,
आणि आम्ही सगळे उजवीकडे कललो,
पिशव्या, डबे, मोबाईलमध्ये मान घातलेला पोरगा,
उभ्या बाईच्या हातातला कोथिंबिरीचा जुडा,
सगळे,
तेवढेच,
चार मिलिमीटर.